स्कॉटलंडमध्ये फुटबॉल बघायचाय? तिकिटाआधी गाव निवडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मुलगी एडिनबरोला एमएस्सी करतेय, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात तुम्ही दोघं दहा दिवसांसाठी तिच्याकडे येताय. तुम्ही कोल्हापूरचे, त्यामुळे फुटबॉल बघितल्याशिवाय परत जाणं शक्य नाही. सेल्टिक-रेंजर्स या ग्लासगोच्या दोन कट्टर प्रतिस्पर्धी क्लबांच्या सामन्याचं तिकीट कसं मिळेल आणि तिथं जाणं सुरक्षित आहे का, हे तुम्हाला हवंय. वहिनी शाकाहारी आहेत आणि त्यांना खेळात रस नाही. मी बरीच वर्षं ग्लासगोत राहतो आणि मोसमातले शनिवार कुठल्या ना कुठल्या मैदानावर काढतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सेल्टिक-रेंजर्सचा नाद सोडा. भीतीपोटी म्हणत नाही. तिकीट सरळ मार्गानं मिळणारच नाही. सेल्टिक पार्कमध्ये सुमारे साठ हजार आणि रेंजर्सच्या आयब्रॉक्सवर सुमारे एक्कावन्न हजार माणसं मावतात, पण या सामन्याच्या जवळजवळ सगळ्या जागा मोसमी तिकीटवाल्यांच्या. उरल्यासुरल्या जागा जुन्या सदस्यांकडे जातात. मग राहतो काळा बाजार. तिथं दुसऱ्याच्या नावाचं तिकीट चौपट भावानं घ्यायचं आणि दारात ते रद्द निघालं तर बाहेर उभं राहून आरडाओरडा ऐकायचा. एवढ्या पैशात तुमचे तीन सामने आणि रेल्वेचं भाडं निघेल.

ती दोन मैदानं बघायचीच असतील तर आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी मार्गदर्शित फेरी घ्या, किंवा दुबळ्या संघाविरुद्धच्या चषक सामन्याचं तिकीट क्लबच्या संकेतस्थळावर शोधा. आयब्रॉक्सची १९२९ ची लाल विटांची मुख्य इमारत बघण्यासारखी आहे. ती आर्चिबाल्ड लीच या ग्लासगोच्या अभियंत्याची. याच माणसाच्या देखरेखीखाली उभारलेला आयब्रॉक्सचा लाकडी स्टँड १९०२ मध्ये स्कॉटलंड-इंग्लंड सामन्यात कोसळला आणि २५ माणसं गेली. तरीही त्याला काम मिळत राहिलं आणि पुढं ब्रिटनमधली निम्मी नामवंत मैदानं त्यानंच आखली. त्याच आयब्रॉक्सवर २ जानेवारी १९७१ ला सामना संपताना १३ क्रमांकाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन ६६ जण मेले. कोपऱ्यावर त्यांचं स्मारक आहे, सगळी नावं कोरलेली. आत जाण्याआधी तिथं दोन मिनिटं थांबा.

सेल्टिकच्या बाबतीत आपल्याकडच्या माणसाला एक गोष्ट माहीत असावी. कलकत्त्याचा मोहम्मद सलीम १९३६ मध्ये सेल्टिककडून अनवाणी, पायाला पट्ट्या बांधून खेळला होता. मोजकेच सामने, तेही राखीव संघातून, पण प्रेक्षक त्याच्या पायांकडेच बघत राहिले.

आता रंगांचं. हे गमतीनं घेऊ नका. सेल्टिक हा १८८७ मध्ये आयरिश कॅथलिक स्थलांतरितांच्या वस्तीतून उभा राहिलेला क्लब, रेंजर्स १८७२ चा आणि प्रोटेस्टंट, ब्रिटनवादी परंपरेचा. हिरवा एकाचा, निळा दुसऱ्याचा आणि भगव्याच्या जवळ जाणारा नारिंगी रंग इथं प्रोटेस्टंट ऑरेंज संघटनेचा. म्हणजे सामन्याच्या दिवशी भारतीय क्रिकेट संघाची निळी जर्सी घालून सेल्टिक पार्ककडं जायचं नाही आणि खांद्यावर भगवा शेला टाकून तर मुळीच नाही. आपला तिरंगाही गुंडाळलेला असेल तर लांबून आयरिश झेंड्यासारखा दिसतो. आयब्रॉक्सच्या बाहेर तो फडकवायची हौस नको. काळं, राखाडी, तपकिरी घाला. कुणी कोणत्या संघाचे म्हणून विचारलं तर 'पार्टिक थिसल' म्हणा. ग्लासगोच्या या तिसऱ्या संघावर कुणाचाच राग नाही, उलट समोरचा हसतो आणि विषय संपतो.

१९८५ मध्ये ॲबर्डीननं विजेतेपद मिळवलं आणि त्यानंतर २०२५ पर्यंत, म्हणजे सलग चाळीस मोसम, लीग सेल्टिक-रेंजर्सपैकीच कुणीतरी जिंकली. बाहेरच्याला वाटतं, मग बाकीचे कशाला खेळतात? याचं उत्तर बाकीच्यांच्या मैदानावर गेल्याशिवाय कळत नाही. या देशाची लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या आसपास आणि व्यावसायिक लीगमध्ये चार विभागांत ४२ क्लब. लोकसंख्येच्या हिशोबानं मैदानावर जाणाऱ्यांत स्कॉटलंड युरोपात अग्रेसर आहे. तीन-चार हजार वस्तीच्या गावातही संध्याकाळच्या गप्पा शनिवारच्या सामन्यावरच असतात. म्हणून म्हणतो, तिकीट शोधण्याआधी गाव निवडा.

माझी पहिली शिफारस आर्ब्रोथ. एडिनबरोहून ॲबर्डीनच्या गाडीनं दीड तासाच्या आसपास लागतो आणि हा प्रवासच अर्धी सहल आहे. गाडी १८९० च्या लाल फोर्थ पुलावरून खाडी ओलांडते, कर्कॉडीला येते तेव्हा खिडकीतून रेथ रोव्हर्सचं स्टार्क्स पार्क दिसतं, मग टे नदीवरचा लांबलचक पूल. आर्ब्रोथ स्टेशनवरून गेफील्ड मैदान चालत पंधरा मिनिटं. वाट विचारावी लागत नाही. समुद्राकडं चालत सुटायचं, प्रकाशझोतांचे खांब दिसतात. युरोपातल्या लीगच्या मैदानांत समुद्राला सर्वांत जवळचं हेच असं मानतात. कुंपणाच्या भिंतीपलीकडं लगेच उत्तर समुद्र आणि वादळी भरतीला पाण्याचे तुषार भिंत ओलांडून प्रेक्षकांवर येतात. गोलरक्षकानं उंच मारलेला चेंडू वाऱ्यानं अडून त्याच्याच अंगावर परत येताना मी पाहिलाय. पाहुणे संघ इथं पहिली वीस मिनिटं चेंडू जमिनीवर ठेवायला शिकण्यात घालवतात. तेवढ्यात आर्ब्रोथचा एखादा गोल झालेला असतो.

याच क्लबनं १२ सप्टेंबर १८८५ ला बॉन अकॉर्डला ३६-० नं हरवलं. ब्रिटनमधल्या वरिष्ठ पातळीवरच्या फुटबॉलमध्ये हा विक्रम अजून त्यांच्या नावावर आहे. जॉकी पेट्री या पोरानं एकट्यानं तेरा गोल केले. गंमत अशी, की त्याच दिवशी तिथून पंधरा-वीस मैलांवर डंडी हार्प नावाच्या संघानं ॲबर्डीन रोव्हर्सला ३५-० नं झोपवलं आणि जगज्जेतेपण एका गोलानं हुकलं. अलीकडची गोष्ट हवी असेल तर २०२१-२२ चा मोसम. दिवसा नोकऱ्या करून संध्याकाळी सराव करणाऱ्या खेळाडूंचा हा संघ दुसऱ्या विभागात दुसरा आला आणि वरच्या विभागाच्या दाराशी जाऊन थांबला.

इथं तीन बाजूंना अजून टेरेस आहेत. टेरेस म्हणजे सिमेंटच्या पायऱ्या, उभं राहून बघायच्या, मध्ये टेकायला लोखंडी कठडे. कुठंही उभे राहा. पाहुण्यांची गर्दी मोठी नसेल तर दोन्हीकडचे लोक एकत्रच असतात आणि हाफ टाइमला आपला संघ ज्या गोलवर हल्ला करणार त्या टोकाला चालत जातात. दुसऱ्या दिवशीच्या ब्रिटिश वर्तमानपत्रातल्या कोणत्याही वर्णनापेक्षा ही पंधरा मिनिटांची स्थलांतराची मिरवणूक तुम्हाला या खेळाबद्दल जास्त सांगेल. म्हातारे ठरलेल्या कठड्याला टेकून उभे राहतात. त्यांच्या शेजारी उभे राहा, पण त्यांच्या जागेवर नको. तिथं गप्पा आपोआप सुरू होतात. पहिला प्रश्न हवामानावर, दुसरा 'इथं कुठं वाट चुकलात?' हा.

आणि वहिनींसाठीही आर्ब्रोथच बरं. गावात ११७८ चा मठ आहे, लाल दगडाचे भव्य भग्नावशेष. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचं १३२० चं प्रसिद्ध निवेदन याच मठाशी जोडलेलं. तुम्ही तीन ते पाच मैदानावर, वहिनी आणि मुलगी मठ आणि बंदर बघून कॉफी पीत बसतील. बंदरावर लाकडाच्या धुरात भाजलेले हॅडक मासे जोडीनं टांगलेले दिसतील, 'स्मोकी' म्हणतात त्यांना. तुम्ही मासे खात असाल तर गरमागरम घ्या. ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून हातानंच खायचे.

डंडी त्याच मार्गावर आहे आणि कोल्हापूरच्या माणसाला ते आवडलंच पाहिजे. डंडीचं डेन्स पार्क आणि डंडी युनायटेडचं टॅनडाइस एकाच रस्त्यावर, मध्ये दोन-तीनशे पावलांचं अंतर. ब्रिटनमध्ये दोन क्लबांची मैदानं इतकी जवळ दुसरीकडं कुठंच नाहीत. तुमच्याकडच्या पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ या संघांनी एकाच गल्लीत आपापली स्टेडियमं बांधली असती तर जे झालं असतं, ते इथं शतकभर चाललंय. १९८३ मध्ये युनायटेडनं आपलं एकमेव लीग विजेतेपद मिळवलं तेही शेवटच्या दिवशी, शेजाऱ्याच्याच डेन्स पार्कवर, शेजाऱ्यालाच २-१ हरवून. डंडीवाले हे अजून विसरलेले नाहीत. युनायटेडवालेही त्यांना विसरू देत नाहीत. डेन्स पार्कचा लीचनं आखलेला मुख्य स्टँड मध्यरेषेपाशी वाकलेला आहे. क्लबला नवं मैदान बांधून इथून हलायचंय, तेव्हा हा स्टँड बघायचा तर उशीर करू नका. स्टेशनपासून चढ आहे, अर्धा तास धरा.

एडिनबरोतली दोन मैदानं मी चटकन उरकतो, कारण ती तुमच्या मुलीला माहीत असणार. हार्ट्सच्या टाइनकॅसलवर स्टँड उभे चढ असल्यासारखे आणि मैदानाला अगदी चिकटून, त्यामुळं आवाज जबर, पण तिकीट हल्ली मुश्किलीनं मिळतं. लीथमधल्या हिब्सच्या ईस्टर रोडला मिळण्याची शक्यता जास्त. हिब्सनं स्कॉटिश चषक १९०२ नंतर थेट २०१६ मध्ये जिंकला. ११४ वर्षं वाट बघणारे लोक आहेत हे, त्यांच्यासमोर संयमाचा विषय काढू नका. हेमार्केट स्टेशनबाहेर हार्ट्सचं युद्धस्मारक दिसेल. १९१४ मध्ये लीगमध्ये आघाडीवर असताना या संघातले अनेक खेळाडू एकदमच सैन्यात भरती झाले, त्यातले काही परतले नाहीत.

ग्लासगोला एक अख्खा दिवस ठेवा, सामना नसला तरी चालेल. ग्लासगो सेंट्रलहून लोकल पकडून माउंट फ्लोरिडाला उतरा. हॅम्पडेन पार्क समोरच. आज इथं बावन्न हजारांच्या आसपास जागा आहेत. १९३७ मध्ये स्कॉटलंड-इंग्लंड सामन्याला याच मैदानावर १,४९,४१५ माणसं होती आणि तो आकडा युरोपात आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी पुन्हा कधी गाठला गेला नाही. आत स्कॉटिश फुटबॉलचं संग्रहालय आहे. चांगले दोन तास जातात.

त्यानंतर मात्र बहुतेक पर्यटक जात नाहीत तिथं जा, पंधरा मिनिटं चालत, कॅथकिन पार्कला. थर्ड लॅनार्क नावाचा क्लब इथं खेळायचा. १९०४ चे लीग विजेते. १९६७ मध्ये दिवाळं निघून क्लब बंद पडला. मैदान महापालिकेच्या बागेत आहे, कुंपण नाही, तिकीट नाही. टेरेसच्या पायऱ्या आणि कठडे तसेच आहेत, त्यांच्यामधून मोठी झाडं वाढलीत आणि खाली पोरं चेंडू मारत असतात. माझ्या मते ग्लासगोतलं सर्वांत बघण्यासारखं मैदान हेच.

क्रिकेटप्रेमी असाल तर पार्टिकमधल्या हॅमिल्टन क्रेसेंटवरही डोकावून या. जगातला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड, ३० नोव्हेंबर १८७२ ला झाला तो या क्रिकेट क्लबच्या मैदानावर. निकाल ०-०. स्कॉटलंडचे अकराही खेळाडू क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे. मैदानावर अजूनही क्रिकेट खेळतात. आणि आपल्या ड्युरँड चषकाची सुरुवात आठवा : १८८८, शिमला, पहिल्या अंतिम सामन्यात रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्सनी हायलँड लाइट इन्फंट्रीला हरवलं. दोन्ही पलटणी स्कॉटिश. आपल्याकडं हा खेळ रुजवणाऱ्यांत इथल्या शिपायांचा वाटा मोठा आहे.

तिकिटांचं आता. वरच्या विभागातल्या सामन्यांना क्लबच्या संकेतस्थळावर खातं उघडून आधीच तिकीट घ्या, साधारण पंचवीस ते पस्तीस पौंड. घेताना 'होम' की 'अवे' हे दोनदा बघा. पाहुण्यांच्या कोपऱ्यात यजमानांचा मफलर घालून बसलात तर कर्मचारी प्रेमानं पण ठामपणे उठवतील. तिसऱ्या-चौथ्या विभागात बहुतेक ठिकाणी दारातच पैसे देऊन आत जाता येतं, पंधरा ते अठरा-वीस पौंडांत. टर्नस्टाइल, म्हणजे आत जायचं फिरतं फाटक, इतकी अरुंद असते की पाठीवरची मोठी पिशवी अडकते. मोठं सामान सोबत नेऊ नका.

दारू मैदानात सामान्य प्रेक्षकाला मिळत नाही. १९८० च्या चषक अंतिम सामन्यानंतर हॅम्पडेनवर सेल्टिक आणि रेंजर्सचे लोक मैदानात उतरून भिडले, घोडेस्वार पोलीस आणावे लागले आणि त्याच वर्षी कायदा झाला. इंग्लंडमध्ये मैदानावर बिअर प्यायलेली असेल तर इथं ती अपेक्षा नको. प्यायलेल्या माणसाला आत सोडतही नाहीत. याचा फायदा असा की आतलं वातावरण कुटुंबाला चालण्यासारखं असतं. शिव्या मात्र ऐकाव्या लागतील, सर्व वयोगटांकडून. भारतीय चेहऱ्याकडं छोट्या गावात लोक कुतूहलानं बघतात, त्यात वाईट भाव सहसा नसतो. जपायचं ते रात्रीच्या परतीच्या गाडीत. डब्यात कुणी जास्त झालेला बसला असेल तर सरळ डबा बदला.

खाणं म्हणजे 'पाय' (pie). पातळ कडक आवरणाचा गोल स्कॉच पाय, आत मिरी घातलेला खिमा. परंपरेनं मटण, पण आज अनेक ठिकाणी बीफ असतं, तेव्हा बीफ खात नसाल तर विचारून घ्या. स्टेक पाय आणि फोरफर गावची प्रसिद्ध, करंजीसारखी ब्रायडी ही बीफचीच. गरम प्यायला बोव्हरिल मिळतं, ते दिसतं कोऱ्या चहासारखं पण आहे बीफचा अर्क. हे न सांगता कुणी वहिनींच्या हातात कप दिला तर पंचाईत. त्यांच्यासाठी मॅकरोनी पाय : त्याच आवरणात चीज घातलेली मॅकरोनी. ऐकायला विचित्र, थंडीत फार बरं. सोबत चिप्स आणि साधा चहा सगळीकडं असतो. जैन जेवणाची सोय मात्र घरूनच करून न्या.

कपड्यांबद्दल एवढंच : ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागं जातात आणि त्यानंतर साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. तीनला सुरू झालेला सामना दिव्यांत संपतो आणि सिमेंटच्या पायरीवरून गारठा बुटातून वर चढतो. लोकरीचे मोजे दोन जोड, वारा अडवणारं जाकीट, कानटोपी. छत्री आणू नका. मागच्या माणसाच्या डोळ्यात जाते आणि गेफील्डवर तर ती तुमच्याकडं राहतच नाही.

वेळापत्रकाची एक खाच लक्षात ठेवा. ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी वरचे दोन विभाग थांबतात, खालचे दोन बहुतेक वेळा चालू राहतात. वरच्या विभागाचा सामना दूरचित्रवाणीसाठी शुक्रवारी रात्री, शनिवारी दुपारी साडेबारा किंवा रविवारी सरकवला जातो, कधी कधी जेमतेम काही आठवडे आधी. म्हणून रेल्वेचं न बदलता येणारं स्वस्त तिकीट घाईनं काढू नका. ग्लासगोतला भुयारी सबवे रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद होतो, हे आयब्रॉक्सहून परतणाऱ्या पाहुण्यांना हमखास भोवतं.

तुमच्या दहा दिवसांत दोन शनिवार येतील असं धरून : पहिल्या शनिवारी आर्ब्रोथ घरच्या मैदानावर असेल तर आर्ब्रोथ, नसेल तर डंडीतला जो संघ घरी असेल तो. दुसऱ्या शनिवारी ग्लासगोच्या बाजूला ग्रीनॉक मॉर्टनचं कॅपिलो किंवा डम्बार्टन. डम्बार्टनला एकच स्टँड आहे आणि त्याच्या मागं किल्ल्याचा उभा कातळ. मधल्या मंगळवारी-बुधवारी ईस्टर रोडला सामना लागला तर मुलीला घेऊन जा. निघण्याआधी सकाळी दहाच्या सुमारास यजमान क्लबचं सोशल मीडिया खातं बघा. पाऊस जास्त झाला असेल तर पंच मैदानाची पाहणी करून सामना पुढं ढकलतात आणि ते तिथंच आधी कळतं. आर्ब्रोथच्या वाटेवर असताना तसं झालं तर कर्कॉडीला उतरा. रेथ रोव्हर्स घरी असतील तर मैदान स्टेशनपासून दहा-पंधरा मिनिटांवर आहे आणि तीनच्या आत पोचता येतं.